मांजरीची पिल्लं फोस्टर करताय? पिल्लं सोपी आहेत, माणसांचं बघा

मी पुण्यात सिंहगड रोडला वन बीएचकेमध्ये राहते, गेल्या तीन वर्षांत माझ्याकडे चौदा पिल्लं येऊन गेली, आणि लिफ्टपाशी शेजारचे उभे दिसले की मी जिन्याने जाते. पाचव्या मजल्यावर. तर हे दोन्ही एकत्र कसं जमतं असं बरेच जण विचारतात, म्हणजे जे माझ्यासारखेच आहेत ते मेसेजवर विचारतात, फोन करून नाही.

फोस्टर म्हणजे पिल्लू पाळायचं नाही, ते जगेपर्यंत, खायला लागेपर्यंत, लसी होऊन चांगलं घर मिळेपर्यंत सांभाळायचं आणि मग देऊन टाकायचं. मला वाटलं होतं की हे बुजऱ्या माणसासाठी एकदम परफेक्ट काम आहे, घरात बसायचं, दार लावायचं, मांजरांशी बोलायचं. पण पहिल्याच महिन्यात वॉचमनकाका, घरमालक, वेटच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांच्या, क्लिनिकमधली गर्दी, अडॉप्शनसाठी येणारे अनोळखी फोन, अडॉप्शनचे कॅम्प, आणि घरच्या लग्नकार्यात "मांजरं सांभाळते म्हणे" ही चर्चा, एवढी माणसं आली की मागच्या पाच वर्षांत आली नव्हती. दुधाचं प्रमाण शोधलं तर कुठेही मिळतं, माणसांचं काय करायचं ते कोणी लिहीत नाही, म्हणून दोन्ही एकत्र लिहितेय.

१. पिल्लं दिसली की लगेच उचलू नका

पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीत, जिन्याखाली पिल्लं दिसली आणि आई दिसत नाही, म्हणजे ती अनाथ आहेत असं नसतं. आई खायला गेलेली असते, किंवा जागा बदलत असते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते त्यामुळे मधल्या वेळात दोनच उरलेली दिसतात. लांबून बघा, काही तास थांबा. तुम्ही जवळ उभे राहिलात तर ती येणारच नाही. एक सोपी ट्रिक म्हणजे पिल्लांच्या भोवती थोडं पीठ भुरभुरवून ठेवायचं आणि सकाळी ठसे आहेत का बघायचं. पिल्लं गुबगुबीत, गरम आणि शांत झोपलेली असतील तर आई येतेय समजा. गार पडलेली, सतत ओरडणारी, मुंग्या लागलेली किंवा पावसात भिजणारी असतील तर मात्र वाट बघू नका.

आणि ते "माणसाचा हात लागला की आई घेत नाही" वगैरे खरं नाही, बहुतेक वेळा घेते.

इथे पहिला माणूस भेटतो तो वॉचमन. त्यांना आई कधी येते, किती दिवस झाले, अजून कोणी उचलून नेलीत का हे सगळं माहीत असतं. मी पहिल्या वेळी त्यांना न विचारता तीन पिल्लं वर आणली आणि रात्रभर खाली आई ओरडत होती. पहाटे परत नेऊन ठेवली. एक प्रश्न विचारायची लाज वाटली म्हणून एवढं सगळं.

२. सुरुवात बाटलीच्या पिल्लांपासून करू नका

डोळे न उघडलेलं पिल्लू म्हणजे दर दोन-तीन तासांनी दूध, रात्रीसुद्धा. आणि इतकं करूनही काही वाचत नाहीत. पहिल्यांदा घेताय तर पाच-सहा आठवड्यांची, स्वतः खाणारी घ्या, आणि शक्यतो दोन घ्या, एक नको. दोघं एकमेकांशी मारामारी करून शिकतात की किती जोरात चावायचं, एकटं असेल तर ते सगळं तुमच्या पायावर शिकतं.

घरात एक बंद होणारी जागा पाहिजे, बाथरूम चालेल. तुमचं स्वतःचं मांजर असेल तर नवीन पिल्लं निदान दोन आठवडे पूर्ण वेगळी ठेवा, भांडी वेगळी, आणि त्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुऊन मगच दुसऱ्या खोलीत. पॅनल्यूक नावाचा आजार पिल्लांमध्ये वाऱ्यासारखा पसरतो आणि त्याचा व्हायरस घरात महिनोन् महिने टिकतो.

घरमालकाला आधी सांगा. लपवून चालत नाही कारण पिल्लं ओरडतात. मला समोर जाऊन बोलणं शक्यच नव्हतं म्हणून मी मेसेज लिहिला, त्यात तीनच गोष्टी होत्या: किती पिल्लं, किती आठवडे, आणि काही खराब झालं तर मी भरून देईन. "ठीक आहे" एवढंच उत्तर आलं आणि मी दोन दिवस त्या मेसेजचे ड्राफ्ट लिहीत बसले होते.

३. सामान

हे आधी जमवून ठेवा, रात्री अकराला पिल्लू हातात आल्यावर काही मिळत नाही.

- किचनचा डिजिटल वजनकाटा, ग्रॅममध्ये दाखवणारा. हा सगळ्यात महत्त्वाचा.
- पिल्लांच्या दुधाची पावडर, म्हणजे किटन मिल्क रिप्लेसर, आणि त्यासोबतची छोटी बाटली. बाटली नसेल तर सुई काढलेली सिरिंज.
- गरम पाण्याची पिशवी. नसेल तर गरम पाणी भरलेली बाटली मोज्यात घालून.
- जुने सुती कपडे. आजीच्या जुन्या साड्यांना तोड नाही. टर्किशचा टॉवेल टाळा, नखं धाग्यात अडकतात.
- पुठ्ठ्याचं खोकं, पिल्लांना एका कोपऱ्यात उब आणि दुसऱ्या कोपऱ्यात गार अशी जागा मिळेल एवढं मोठं.
- लिटरसाठी, म्हणजे शी-शू करायच्या मातीसाठी, उथळ ट्रे. मी प्लास्टिकचं घमेलं वापरते, मस्त चालतं.
- लिटर, पण गुठळ्या होणारं नको. पिल्लं ते चाटतात, खातात आणि ते पोटात जाऊन फुगतं. लाकडाच्या गोळ्या किंवा फाडलेला पेपर बरा.
- कापूस, उवांची असते तशी बारीक फणी पिसवांसाठी.
- झाकणाचं कॅरिअर. भाजीची टोपली आणि वर ओढणी बांधून रिक्षात नेऊ नका, मी नेलंय, पिल्लू रिक्षावाल्याच्या खांद्यावर जाऊन बसलं होतं.
- फरशीसाठी साधा साबण.

काळं किंवा पांढरं फिनाईल अजिबात नको, डेटॉलसुद्धा नको. मांजराचं लिव्हर असल्या गोष्टी बाहेर टाकू शकत नाही आणि ती पाय चाटतात. तसंच माणसांच्या गोळ्या, विशेष करून पॅरासिटामॉल, एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. कुत्र्यांचं पिसवांचं औषधही चालत नाही. आणि कोणी बुकेमध्ये लिली आणल्या तर त्या घराबाहेर ठेवा.

४. कागद

थोडेच लागतात पण लागतात. एखाद्या संस्थेसाठी फोस्टर करत असाल तर त्यांचा फोस्टर फॉर्म, त्यात उपचाराचा खर्च कोण करणार हे लिहिलेलं आहे का ते वाचा, नसेल तर विचारा. विचारताना कसंतरी होतं मान्य आहे पण पॅनल्यूकच्या उपचाराचं बिल बघून जे होतं ते त्यापेक्षा वाईट. प्रत्येक पिल्लाचं वेगळं लसीचं कार्ड. अडॉप्शनचा करारनामा, ज्यात नसबंदी करायची, पिल्लू परस्पर कोणाला द्यायचं नाही, नको असेल तर परत तुमच्याकडेच आणायचं हे स्पष्ट हवं. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, आधार देत असतील तर मास्क्ड आधार, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं, घ्या. आणि एक साधी वही.

वहीत रोजचं वजन, किती प्यायलं, शी झाली की नाही. ही वही पुढे माणसांच्या बाबतीतही कामाला येते, सांगते.

५. वय आणि वजन

जन्मताना पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि पुढे आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास वाढतं, त्यामुळे ४०० ग्रॅमचं म्हणजे तीन-चार आठवड्यांचं हा ढोबळ हिशोब. उपाशी राहिलेल्या पिल्लांत तो चुकतो, मग बाकीच्या खुणा बघा. डोळे एक ते दोन आठवड्यांत उघडतात, पुढचे बारीक दात तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, आणि तेव्हाच ती दारू प्यायल्यासारखी चालायला लागतात. सुरुवातीला सगळ्यांचे डोळे निळे असतात, त्यामुळे "निळ्या डोळ्यांचं दुर्मीळ पिल्लू" असं लिहून टाकू नका.

रोज एकाच वेळेला वजन करा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढलं पाहिजे. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवा, कमी झालं तर वेटकडे न्या. पिल्लू तुम्हाला खेळताना ठीक दिसत असतं तेव्हाही काटा खरं सांगतो.

नर की मादी ओळखताना सगळेच चुकतात. शेपटी उचलली की मादीत दोन्ही छिद्रं अगदी जवळ असतात आणि खालचं उभ्या चिरेसारखं, नरात अंतर जास्त. तिरंगी पिल्लू जवळजवळ नेहमी मादी असतं. मी एका रुबाबदार पिल्लाचं नाव बाजीराव ठेवलं होतं, वेटनी उचलून बघितलं आणि म्हणाले मस्तानी म्हणा.

६. दूध पाजणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून सावकाश वाचा.

गाईचं, म्हशीचं, पिशवीतलं कुठलंच दूध नको. पाणी घालूनही नको. त्यातली साखर पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात, आणि २०० ग्रॅमच्या जिवाला जुलाब झाले की काही तासांत ते सुकतं. रात्री काहीच नसेल तर दूध शोधत पळू नका, आधी पिल्लू गरम करा.

गार पिल्लाला दूध द्यायचं नाही. हे चार वेळा वाचा. अंग गार असेल तर पोट काम करत नाही, दूध तसंच राहतं. आधी तुमच्या पोटाशी, कपड्याच्या आत धरा, गरम पिशवी कपड्यात गुंडाळून शेजारी ठेवा, अर्धा-एक तास लागतो. एकदम शेकू नका, हळूहळू. अगदी मलूल असेल तर हिरड्यांना साखरेच्या पाण्याचं बोट लावा आणि वेटला फोन करा.

पाजताना पिल्लू पोटावर, आईला पीत असतं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो, आणि मला माहितेय की उताणं धरल्यावर ते फार गोड दिसतं आणि रील चांगलं येतं, तरी नाही. सिरिंज दाबायची नाही, थेंब थेंब. नाकातून दूध आलं की लगेच थांबा, डोकं खाली करा.

पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार, चौथ्यात पाच-सहा तासांनी. एका वेळेला १०० ग्रॅम वजनामागे साधारण ४ मिली, बाकी डब्यावरचा तक्ता असतोच. जास्त पाजलं की जुलाब, तेव्हा "अजून थोडं पी बाळा" हा आजीपणा आवरा.

पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसाने खालच्या बाजूला हलकं घासा म्हणजे शू होते. आई चाटून हेच करते, स्वतःची स्वतः करायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. त्यानंतर घमेल्यात ठेवा, मातीत खेळल्यासारखं उकरतात आणि शिकतात, शिकवावं लागत नाही. चौथ्या आठवड्यापासून दुधात कालवलेलं पिल्लांचं ओलं खाणं सपाट ताटलीत द्या. पहिले तीन दिवस ती त्यात चालतात.

७. वेटकडे जाणं

साधारण क्रम असा: जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून सुरू, वजनावर डोस असतो म्हणून मनाने देऊ नका. ट्रायकॅटची (पॅनल्यूकसकट तीन आजारांवरची) लस आठ आठवड्यांच्या आसपास, तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, रेबीज तीन महिन्यांचं झाल्यावर. पिल्लाने तुम्हाला चावलं, ओरबाडलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर, "लहान तर आहे" असं म्हणत बसू नका. नियमित फोस्टर करणार असाल तर रेबीजची लस आधीच घेऊन ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

आता माणसं. क्लिनिकमध्ये बसलं की शेजारचा लॅब्रॉडॉरवाला बोलायला लागतो, हे टळत नाही. आणि आत गेल्यावर माझं डोकं पूर्ण कोरं होतं. पहिल्या वेळी डॉक्टरांनी विचारलं काय त्रास आहे, मी म्हणाले काही नाही, आणि बाहेर आले. पिल्लाला तीन दिवस जुलाब होते.

तेव्हापासून वही. आदल्या रात्री लिहायचं: वय, वजन, काय खातं, काय होतंय, कधीपासून, आणि माझे तीन प्रश्न. आत गेल्यावर वही उघडून सरळ डॉक्टरांपुढे ठेवते. कोणी हसलं नाही अजून, उलट एकदा म्हणाले सगळेच असं लिहून आणतील तर बरं. गर्दी नको असेल तर फोन न करता मेसेजवर विचारा की कमी पेशंट कधी असतात, दुपारी बहुतेक मोकळं असतं. कॅरिअरवर ओढणी टाका, पिल्लाला कुत्री दिसत नाहीत आणि शेजारच्याला पिल्लू दिसत नाही, दोघांनाही बरं.

८. बुजरं पिल्लू

दोन ते सात आठवडे हा पिल्लाचा माणसाळायचा काळ. त्यात जे भेटलं ते आपलं, नंतर सगळं संशयास्पद. नंतरही जमतं पण वेळ लागतो. माझा हा काळ बहुतेक बालवाडीतच संपला.

माझ्याकडे एक काळी-पांढरी आली होती, कढी नाव ठेवलं, नऊ आठवड्यांची, कपाटाखालून निघायचीच नाही, हात पुढे केला की फिस्स. मी पहिले दोन दिवस तिला ओढून काढून मांडीवर घेत होते, म्हणजे प्रेमाने हं, आणि ती आणखी आत जात होती. मग एका अनुभवी ताईंनी सांगितलं ते असं:

लपायला जागा द्या, पण तुम्हाला दिसेल अशी, खोकं आडवं करून. कपाटाखालची फट बंद करा. जमिनीवर बसा, उभं राहून बघू नका. तिच्याकडे रोखून बघू नका, बघितलंच तर डोळे हळू मिटून हळू उघडा. हे नुसतं मांजरवाल्यांचं वेड नाही, ससेक्स विद्यापीठातल्या लोकांचा २०२० मध्ये यावर अभ्यास आलाय, मांजरं उलट डोळे मिटतात आणि तसं करणाऱ्या अनोळखी माणसाजवळ जास्त जातात. चमच्याच्या टोकाला ओलं खाणं लावून लांबून द्या. पाच-दहा मिनिटं, मग निघून जा. दिवसातून पाच वेळा. ती घाबरायच्या आधी तुम्ही उठायचं, नंतर नाही. आणि एका वेळी एकच नवीन माणूस.

अकराव्या दिवशी कढी माझ्या पायावर येऊन झोपली आणि मी दीड तास हलले नाही, पायाला मुंग्या आल्या तरी.

डोळे मिटण्याचा प्रकार लग्नात काकूंवर करू नका. डोळ्यात काय गेलं ग, असं विचारतात.

९. लग्न, हळदीकुंकू, गेट-टुगेदर

हा भाग तुम्हाला विषय सोडून वाटेल पण तसा नाहीये, कारण फोस्टर करायला लागलं की पहिला मोह होतो तो हाच, की "पिल्लांना दूध द्यायचंय, येता येणार नाही". मी हे चार महिने वापरलं. साखरपुडा, बारसं, दोन वाढदिवस, ऑफिसची पार्टी. मग आई साताऱ्याहून चार दिवस राहायला आली, तिने बघितलं की पिल्लं दहा आठवड्यांची धटिंगण झालीत आणि ताटलीतलं कोरडं खाणं स्वतः कुरकुर खातायत. काही बोलली नाही, संध्याकाळी पोळ्या करताना म्हणाली, "ही तर आपली आपण जेवतायत की गं. तू कधी येणारेस जेवायला?"

तर आता मी जाते. कढीवर जे चाललं तेच स्वतःवर करून बघितलं, जमलेलं असं:

जातानाच निघायची वेळ सांगून टाकायची. "साडेआठला निघणार आहे, पिल्लं आहेत." पिल्लं लहान असतील तर हे खरंच असतं, दोन फीडच्या मधला तीन-चार तासांचा वेळ हिशोबात धरून जा, आणि कोणी तरी थांब म्हणालं तरी वाद होत नाही. दहा आठवड्यांची असतील तर खोटं सांगू नका, नुसतं साडेआठला निघणार म्हणा. कोणी फारसं विचारत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

हातात काम घ्यायचं. हे सगळ्यात भारी. लग्नात अक्षता वाटायचं ताट घेतलं की तुम्ही शंभर माणसांना भेटता आणि कोणाशीच बोलावं लागत नाही. हळदीकुंकवाला वाण द्यायला किंवा तिळगूळ वाटायला उभं राहा. पंगत असेल तर मीठ-लिंबू वाढा. मी पूर्वी कोपऱ्यातल्या खुर्चीवर मोबाइल घेऊन बसायचे, तिथे तर सगळे येऊन विचारतात की एकटी का बसलीस.

एक माणूस शोधायचा. पूर्ण हॉलशी बोलायचं नसतं. कार्यालयात कुठेतरी भिंतीला टेकून उभा असलेला अजून एकजण असतोच, त्याच्याशी दहा मिनिटं बोलला तरी आजचा कोटा झाला.

आणि तो नेहमीचा प्रश्न, लग्नाचं काय, आता माझं उत्तर ठरलेलं आहे: "काकू, घरी तीन लेकरं आहेत, आता कुठे?" एक सेकंद त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो, मग मी फोटो दाखवते. फोटो तयार ठेवा, दहाच, दोनशे नाही. फोटो हातात असला की समोरचा फोटोकडे बघतो, तुमच्याकडे नाही. आमच्या मावससासूबाईंच्या, म्हणजे ताईच्या सासरच्या, घरी गेलेली दोन पिल्लं अशीच एका डोहाळजेवणात ठरली.

फक्त सगळ्यांना "या ना बघायला" म्हणू नका. उत्साहात म्हटलं जातं, आणि रविवारी सात माणसं दारात येतात. लसी न झालेल्या पिल्लांना ते चांगलं नाही आणि तुम्हालाही झेपणार नाही.

१०. अडॉप्शनची पोस्ट आणि फोन

इथे बुजऱ्या माणसाचा फायदा आहे कारण आपल्याला लिहायला आवडतं. दिवसाच्या उजेडात, जमिनीवर झोपून पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढा, काळं पिल्लू फिकट चादरीवर. लिहिताना "खूप क्यूट" नको, नक्की काय करतं ते लिहा. "मिक्सर लागला की फ्रिजमागे पळतो, पण पोळीचा वास आला की परत येतो" यावर जास्त मेसेज येतात. लसी, जंताचं औषध, वय, कुठल्या भागात आहे, आणि खिडक्यांना जाळी हवी हे आधीच लिहून टाका, निम्मे फोन कमी होतात.

मी स्वतःचा नंबर पोस्टमध्ये टाकत नाही, आधी छोटा फॉर्म भरून घेते. घरी कोण कोण आहे, सगळ्यांची संमती आहे का, घर भाड्याचं का, आधी मांजर होतं का आणि त्याचं काय झालं, गावाला गेल्यावर कोण बघणार, बाल्कनीला काय आहे. कबुतरांसाठी लावतात ती पातळ नायलॉनची जाळी मांजर चावून तोडतं हे लोकांना माहीत नसतं. त्यानंतर एक फोन तरी करावाच लागतो. मी फॉर्म समोर ठेवून, उभी राहून, चालत चालत करते, बसून केला तर आवाज बसतो.

नाही म्हणणं सगळ्यात अवघड. "उंदीर फार झालेत म्हणून पाहिजे", "मुलीच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय", "आजच्या आज द्या" यांना नाही म्हणायचंच असतं, पण माझ्या तोंडून हो निघून जातं. म्हणून नियम केलाय की फोनवर होही नाही आणि नाहीही नाही, "मी उद्या मेसेज करून कळवते" एवढंच. मग मेसेजमध्ये शांतपणे नाही. एकदा नियम मोडला, दारात आलेल्या गोड बोलणाऱ्या जोडप्याला हो म्हणाले, आठव्या दिवशी कळलं की पिल्लू परस्पर दुसरीकडे दिलंय. करारनामा होता म्हणून परत मिळालं.

११. कॅम्प

अडॉप्शन कॅम्पला फक्त लसी झालेली पिल्लं न्या. पिंजऱ्याचा अर्धा भाग कापडाने झाका, आत घरचाच न धुतलेला कपडा ठेवा, दोन तासांपेक्षा जास्त थांबवू नका. पिंजऱ्यावर मोठ्या अक्षरात पाटी लावा: नाव, वय, लसी, स्वभाव, आणि "आत बोट घालू नका". पाटी वाचण्यात लोकांचा एक मिनिट जातो, त्यात तुम्ही श्वास घ्या. टेबलाच्या मागच्या बाजूला उभं राहा आणि फॉर्म भरून घ्यायचं काम मागून घ्या. "पर्शियन आहे का?" हा प्रश्न दर दहा मिनिटांनी येईल. नाही, आपलं देशी आहे, असं एकदा पाठ करून ठेवा.

गर्दीत "कोणाला द्यायचं" हे ठरवू नका, नावं लिहून घ्या आणि घरी या. कढी माझ्या पहिल्या कॅम्पला सगळा वेळ कापडामागे होती आणि कोणी तिच्याकडे बघितलंही नाही, फक्त एक नववी-दहावीतली मुलगी पिंजऱ्यासमोर मांडी घालून वीस मिनिटं बसली, एक शब्द बोलली नाही, निघताना आईकडे बघून मान हलवली. तिच्या घरी मी स्वतः गेले, चहा प्यायले, आम्ही दोघी मिळून बहुतेक सहा वाक्यं बोललो असू.

१२. पिल्लू देताना आणि नंतर

पिल्लू तुम्हीच घरी पोचवा, जाळ्याही बघून होतात. सोबत तिच्या खाण्याचं पाकीट, थोडं लिटर आणि झोपायचा कपडा द्या. सांगायचं एवढंच की पहिले तीन-चार दिवस एकाच खोलीत ठेवा, ती सोफ्याखाली जाईल, ओढून काढू नका, चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर फोन करा. नसबंदीसाठी पाचव्या महिन्याची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा, त्यांच्याही आणि तुमच्याही.

घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात धुवा, पुठ्ठ्याचं खोकं टाकून द्या, घमेलं आणि फरशी आधी साबणाने, मग पातळ केलेलं ब्लीच दहा मिनिटं ठेवून स्वच्छ पाण्याने, आणि पूर्ण वाळेपर्यंत तिथे मांजर नको. घरात कोणाला पॅनल्यूक होऊन गेला असेल तर लस न झालेली नवीन पिल्लं बरेच महिने आणू नका, कितीही फोन आले तरी.

रडू येतं. मी रिक्षात रडते, रिक्षावाले विचारत नाहीत. एकाने विचारलं होतं, मग त्याच्याशी हडपसरपासून घरापर्यंत मांजरांवर बोलणं झालं, त्याच्याकडेही दोन आहेत निघाले.